फुलीवर सोडलेला टाका

१

हे मी अकोल्याला माझ्या मैत्रिणीच्या, रईसाच्या ओसरीवर बसून डाव्या हातानं लिहितेय. अक्षर कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं येतंय, त्याला इलाज नाही. वीस वर्षं मुलींच्या शिवणाच्या वह्यांवर 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला, त्याची ही फेड असावी.

गोष्ट १९६२च्या उन्हाळ्यातली. अमरावतीला अंबापेठेत आम्ही दोघंच राहायचो, मी आणि बाबा. बाबा म्हणजे गोपाळकृष्ण वकील. एके काळी कोर्टात त्यांचा आवाज दोन खोल्या पलीकडे ऐकू जायचा. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले, तरी आवाज तेवढाच राहिला. उजेड आणि अंधार, एवढंच त्यांना कळायचं. दिवसातून तीनदा त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायचे, हे माझं काम.

मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. पण माझा खरा जीव उशीवरच्या लेसमध्ये. सुईची लेस निराळी, क्रोशाची निराळी. ही लेस भुसा ठासून भरलेल्या गोल उशीवर करतात. उशीवर नक्षी टोचलेला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर टाचण्या, आणि दोऱ्यांच्या टोकांना लाकडाच्या बारीक कांड्या. चार कांड्या एका वेळी हातात, दोन डाव्यात, दोन उजव्यात. मधल्या दोन एकमेकींवरून नेल्या की फुली, बाजूच्या फिरवल्या की पीळ. फुली, पीळ, टाचणी. यापलीकडे त्यात काही नाही, आणि एवढ्यातच माणसाचा जन्म जातो. मी आणि रईसा लहानपणी मूर्तिजापूरला एका परदेशी बाईंकडे हे शिकलो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी न्हाणीत घसरले आणि उजवा हात कोपराखाली मोडला. प्लास्टर घातलं, बोटांची टोकं तेवढी बाहेर. सहा आठवडे म्हणाले. चौथ्या दिवशी आमच्या मुख्याध्यापिका सत्यभामाबाई बघायला आल्या.

"चारुशीलाबाई, जूनमध्ये तपासणीस येताहेत," त्या म्हणाल्या. "वारभर लेस पुरी लागेल, आणि त्यांच्यासमोर दोन्ही हातांनी बसून दाखवावं लागेल. हात चालला तर तुमची जागा कायम. नाही तर मला बदलीवरच्या बाईंचं नाव पाठवावं लागेल. राग मानू नका."

बदलीवरच्या बाई म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. माझं टेबल, माझी कात्री, माझ्या मुली. राग मी मानलाच. त्या नोकरीवर आमचं दोघांचं घर चालत होतं.

२

वारापैकी दोन वीत लेस झाली होती, दोन राहिली होती. मी डाव्या हातानं सुरू केलं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी उशी, शेजारी बाबांची खाट. डाव्या हातानं दोन कांड्या उचलायच्या, ठेवायच्या, पलीकडच्या दोन उचलायच्या. जिथं पूर्वी दहा टाके व्हायचे तिथं एक. जाळी ढिली यायची, झोळीसारखी लोंबायची. तासाभरात खांदा भरून यायचा.

"काहून थांबलीस?" बाबा खाटेवरून विचारायचे. कांड्यांचा आवाज थांबलेला त्यांना लगेच कळायचा.

"दमले."

"मग दम. मीही साक्षीदार थकला की तारीख मागून घेत असे."

अशा एका दुपारी मी दमून तशीच उठले. फुली टाकून झाली होती, पीळ द्यायचा राहिला होता. टाका अर्धा सोडून कधी उठू नये, हे हाडीमाशी भिनलेलं. पण खांद्यातून कळ आली आणि मी उशीवर फडकं टाकून आत जाऊन पडले.

संध्याकाळी फडकं उचललं. पीळ दिलेला होता, टाचणी लावलेली होती, आणि तिच्यापुढे आणखी तीन टाके होते.

मी आधी रमाकाकूंना विचारलं. शेजारच्या त्या. माझा हात मोडल्यापासून आमच्या पोळ्या त्याच लाटून द्यायच्या.

"मले त्या गुंताड्यात हात घालायले येड लागलं काय?" काकू म्हणाल्या. "तूच केलं असशीन, इसरली असशीन. दुखण्यात असं होते."

होतं खरं. मीही तेच धरून चालले.

३

दुसऱ्या दिवशी दमल्यावर मी मुद्दाम फुलीवरच सोडलं. मुद्दाम, हे लिहिताना लाज वाटते. उठताना टाके मोजून ठेवले. जेवून मधल्या खोलीत आडवी झाले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाबांचं घोरणं चालू होतं.

घोरण्याच्या खालून कांड्या वाजू लागल्या.

तो आवाज मी कुठंही ओळखेन. लाकडावर लाकूड, बारीक, टिक टिक टिक, मध्ये थोडा थांबा, म्हणजे टाचणी. दोन्ही हातांची लय होती ती. डाव्या हाताची लय लंगडी असते, ती गेल्या दहा दिवसांत माझ्या चांगली ओळखीची झाली होती. मी उठायला हवं होतं. मी उठले नाही. पडल्या पडल्या टाके मोजत राहिले, आणि मोजता मोजता झोप लागली.

उठून पाहिलं तर बोटभर लेस वाढलेली. भिंग घेऊन बसले. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कोणी दोरा ओढते, कोणी सैल सोडते. मी फुलीनंतर उजवा दोरा अगदी जरासा जास्त ताणते. ही माझी जुनी खोड, परदेशी बाई त्यावरून बोलायच्या. नव्या बोटभर लेसमध्ये ती खोड होती. हे काम माझंच होतं, मोडण्याआधीच्या माझ्या हाताचं.

वकिलाची मुलगी मी, पुरावा समोर असला की निकाल लावते. मनी वसे ते स्वप्नी दिसे. मी झोपेत उठते, उशीपाशी बसते आणि प्लास्टरमधून बोटं चालवते. पटलं मला ते. नुसतं पटलं नाही, आनंद झाला. हात जिवंत होता! जागेपणी हलवला तर कळ यायची, पण झोपेत त्याला त्याचं काम आठवत होतं.

तरी खात्री म्हणून पुढच्या दुपारी मी प्लास्टरचा हात पट्टीनं खाटेच्या गजाला बांधला. डाव्या हातानं आणि दातांनी गाठ मारली. जाग आली तेव्हा गाठ होती तशी होती. लेस दोन बोटं वाढली होती.

४

गाठ झोपेत सोडून झोपेत पुन्हा मारली असेल, असं मी म्हटलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो. समोर लेस वाढत होती आणि ती सुंदर होती, तेव्हा मला पटवून घ्यायचंच होतं.

दर आठवड्याला मी डॉक्टरांकडे जायची. ते म्हणायचे, "बोटं हलवत राहा, नाही तर आखडतील." पहिल्या आठवड्यात बोटं हलली होती, सुजलेली आणि जड, पण हलली. तिसऱ्या आठवड्यात करंगळी हलेना. चौथ्यात त्यांनी टाचणीनं टोचून विचारलं, "कळतंय?" मला कळलं नाही. त्यांनी माझ्या बोटांची टोकं निरखली आणि म्हणाले, "बाई, या हातानं कुठलंही काम करायचं नाही असं सांगितलं होतं ना?"

"करत नाही मी."

"मग ही भोकं कसली?"

तर्जनी आणि अंगठ्यावर टाचण्यांच्या खुणा होत्या. ताज्या. तशा खुणा आम्हा लेसवाल्यांच्या बोटांवर असतात. पण महिनाभर त्या बोटांनी टाचणी धरली नव्हती.

घरी आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाबा खाटेवर उताणे पडले होते, डोळ्यांच्या कडांना औषध चमकत होतं.

"कोणी टाकलं औषध? रमाकाकू आल्या होत्या?"

"चेष्टा करतेस काय म्हाताऱ्याची?" बाबा म्हणाले. "आत्ताच तर टाकलंस. महिनाभर डाव्या हातानं माझे गाल धूत होतीस. आज बरोब्बर डोळ्यात पडलं. उजव्या हातानं पापणी धरलीस, पहिल्यासारखी."

"उजव्या हाताला प्लास्टर आहे, बाबा."

"हो का? मला तर लागलं नाही." त्यांनी आपल्या कपाळावर हात ठेवला, जिथं मी पापणी उचलताना तळवा टेकवायची तिथं. "चांगला गार वाटला तुझा हात. या उन्हात बरं वाटलं."

मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. मला भीती वाटत होती. पहिल्यांदाच ती भीती मी नाव घेऊन मान्य केली. भीती वाटायला लागल्यावर काय करायचं ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

५

रईसा अकोल्याला असते. तिचे यजमान अब्दुल सत्तार यांचं अत्तराचं दुकान आहे. रमाकाकूंना दिवसभर बाबांपाशी बसवून, लेसचं भेंडोळं पिशवीत घालून मी गाडीनं अकोल्याला गेले. उशी घरीच राहिली. झालेली लेस पुठ्ठ्यावरून सुटी होते, ती मी वितीपुरती कापून घेतली. कापताना अंगावर काटा आला. कोणाला तरी न विचारता कापतेय असं वाटलं.

रईसानं माझा हात पाहिला, पाणी दिलं, मग लेस घेऊन दारात उजेडाला बसली. ती भिंग वापरत नाही. बोटं फिरवते.

"हे तुझं हाय," ती म्हणाली. थोडं पुढे सरकली. "हे बी तुझं, डाव्या हाताचं. किती ढिलं केलं गं." मग तिची बोटं थांबली. तेवढाच भाग तिनं पुन्हा चाचपला.

"आणि हे?"

"हे तुझ्यासारखं हाय."

"म्हणजे माझं."

"मी काय म्हणून राहिली, ऐक ना. तुझ्यासारखं हाय. तुझी ओढ हाय, तुझी खोड हाय. पण तू चुकते, चारू. वीस टाक्यांत एखादा तू चुकते अन् मग सांभाळून घेते. मले माहीत हाय. यात एक चूक नाही." तिनं लेस मांडीवर ठेवली. "तू टाका कुठं सोडून उठत होती?"

मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"मूर्तिजापूरचं इसरली काय तू?"

विसरले नव्हते, पण आठवलंही नव्हतं. त्या वर्गात उशा कमी आणि मुली जास्त. दोघींत एक उशी. एकीला उठायचं असलं की ती फुली टाकून पीळ न देता उठायची. ती खूण होती. याचा अर्थ, ये, माझ्या जागी बस. दुसरीनं मग पहिलीच्याच हातानं काम करायचं, तिची ओढ, तिची सवय उचलायची. लेसमध्ये दोन हात दिसले तर बाई उसवायला लावायच्या. आणि पहिलीनं येऊन 'ऊठ' म्हणेपर्यंत दुसरीनं उठायचं नाही.

"तू 'ऊठ' म्हणाली काय?" रईसानं विचारलं.

"कोणाला म्हणू? तिथं कोणी नसतं गं."

"मी इचारलं, म्हणाली काय?"

"नाही."

"काहून?"

मी तिच्या मांडीवरच्या लेसकडे पाहिलं. तिला कळलं. तिनं माझी प्लास्टरबाहेरची बोटं आपल्या तळव्यात घेतली आणि चोळू लागली. ती चोळत होती एवढं मला दिसत होतं.

"नोकरी जाऊ दे," ती म्हणाली. "लेस जाऊ दे. आज घरी जा अन् म्हण. या अल्ला, आजच म्हण, उद्यावर नको टाकू."

६

संध्याकाळच्या गाडीनं परतले. रमाकाकू दारातच बसल्या होत्या, आत नाही.

"बरं झालं आली," त्या उठत म्हणाल्या. "मले आत बसू वाटेना. काही नाही झालं गं. उगीच."

बाबा जेवून पडले होते. मी खिडकीपाशी गेले. फडकं उचललं. वीत कापून नेली होती ती जागा भरून आली होती. आता फक्त चार बोटं लेस कमी होती. चार बोटं म्हणजे वार पुरा. माझ्या डाव्या हाताला त्यासाठी सगळा मे महिना लागला असता, आणि ती ढिली जाळी तपासणीसांनी एका नजरेत बाजूला सारली असती.

मी उशीपुढे उभी राहिले. 'ऊठ' एवढाच शब्द म्हणायचा. मुलींना दिवसातून पन्नास वेळा म्हणते तो. उशीपुढचा पाट रिकामा होता. पाटावर बसायची चटई मात्र दबलेली होती, मी दिवसभर घरी नसताना.

मी सत्यभामाबाईंचा विचार केला. बाबांच्या औषधाचा, घरभाड्याचा, माझ्या टेबलाशी बसलेल्या त्या दुसऱ्या बाईंचा. चार बोटंच तर राहिलीत, असा विचार केला. प्लास्टर आठ दिवसांनी निघेल. हात मोकळा झाला की मी दोन्ही हातांनी बसेन, मग कोणाची गरज उरणार नाही. तेव्हा म्हणेन.

उशीवर मी फडकं पुन्हा टाकलं. कांड्या सरळ करताना डाव्या हातानं एक फुली टाकली आणि पीळ न देता आत गेले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, रईसालाही नाही. ती हे वाचेल तेव्हा मला जोड्यानं मारेल, आणि तिचं काही चुकणार नाही.

त्या आठ दिवसांत बाबा खूष होते. डोळ्यांची आग थांबली म्हणायचे. दुपारी मी मधल्या खोलीत पडले की बाहेर त्यांचा आवाज यायचा, जुन्या खटल्यांच्या गोष्टी सांगताना. मध्येच ते थांबायचे, कोणी काही विचारलं की माणूस थांबतो तसे, आणि मग हसून पुढे सांगायचे. मी त्या गोष्टी हजारदा ऐकलेल्या. इतक्या की गेली कित्येक वर्षं त्यांनी सुरुवात केली की मी "हो बाबा, माहीत आहे," म्हणून तोडत असे. त्या दुपारी कोणी त्यांना तोडत नव्हतं. मी पडून ऐकत राही आणि मला भीतीपेक्षा हेवा वाटे.

वार पुरा झाला. मी तो कापून, धुऊन, ताणून वाळवला. अशी लेस मी जन्मात केली नव्हती.

७

वैशाखाच्या मध्यावर प्लास्टर कापलं. आतून हात निघाला तो पांढरा, सुरकुतलेला, खपल्यांनी भरलेला. हाड उत्तम जुळलं होतं. डॉक्टर खूष झाले.

"मूठ वळा," ते म्हणाले.

मी वळली. म्हणजे मी मनात वळली. हात टेबलावर पालथा पडून राहिला.

"घाबरू नका. आखडलाय. तर्जनी उचला नुसती."

मी त्या तर्जनीकडे पाहत राहिले. ती माझीच होती, नखाखालचा तीळसुद्धा होता. पण ती माझं ऐकत नव्हती. रिकाम्या घराला हाका माराव्यात तसं झालं. डॉक्टरांनी टाचणी टोचली, मग जोरात टोचली. नंतर ते नुसतेच शेकण्याबद्दल, तेलाबद्दल आणि धीर धरण्याबद्दल बोलत राहिले.

बाहेर ऊन रणरणत होतं. रिक्षा केली नाही. मेलेला हात डाव्या हातात धरून मी घराकडे चालत निघाले, आणि वाटेत तो शब्द तोंडात घोळवत राहिले. आज म्हणायचं. पाय आत टाकायच्या आधी, दारातूनच म्हणायचं. नोकरी गेली, लेस गेली, जाऊ दे. माझा हात मला परत हवा होता, आणि माझी चटई, आणि बाबांच्या डोळ्यांतले थेंब.

आमचं दार वीतभर उघडं होतं. उन्हातून आल्यामुळे आत आधी काही दिसेना. कांड्यांचा आवाज मात्र आला. टिक टिक टिक, थांबा, टिक टिक टिक. माझी लय, सांभाळून घ्यायच्या चुका वगळून. बाबा काहीतरी सांगत होते आणि मनापासून हसत होते.

मग फटीतून दिसलं. बाबांच्या खाटेची कड, त्यांचे पाय, खिडकीखालची उशी. आणि उशीवर उजवीकडून आलेला एक हात. सावळा, भरलेला, चपळ. कांड्या त्याच्याखालून पाण्यासारख्या सरकत होत्या. त्याच्यापलीकडे, जिथं माणूस असतं, तिथं दाराची फळी आड येत होती.

माझ्या पायाखाली पायरीवरचा खडा सरकला. कांड्या थांबल्या.

"कोण आहे?" बाबांनी मान वळवली. "चारू, बघ गं. दारात कोणीतरी आलंय."

मी तोंड उघडलं. 'ऊठ' म्हणायचं होतं, की 'मी आहे, बाबा' म्हणायचं होतं, तेच मला क्षणभर ठरवता आलं नाही. 

आतून उत्तर आलं, हलक्या, ओळखीच्या आवाजात, "कोणी नाही, बाबा."

"बरं. मग दार लोटून घे. ऊन येतंय."

दाराच्या कडेवर आतून चार बोटं आली. तर्जनीच्या नखाखाली तीळ होता. मी पायरीवरून मागे सरले, आणि दार हळूच लागलं.